सोयरिकीतला तिसरा

रोवणीला महिना झाला की बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीकडचा शेतकरी बांधीत वाकून आधी फुटवे मोजतो. फुटवे दाट म्हणजे धान जोरात. पण त्यातले बरेच फुटवे निसवतच नाहीत. खतपाणी खाऊन शेवटी तणशीत जातात.

फुटवे आवरून लोंबी भरवणारे ‘एसपीएल१४’ नावाचे एक जनुक भातात आहे. त्याचा निरोप आरएनएच्या धाग्यावर लिहून निघतो. वीस-एकवीस अक्षरांचा ‘एमआयआर१५६’ हा चिमुकला आरएनए त्या धाग्याशी जुळतो आणि निरोप वाटेतच तोडला जातो. २०१० साली संशोधकांना असे वाण दिसले, की ज्यात जुळणीच्या जागेवरचे एकच अक्षर बदललेले होते. जुळणी बिघडली, निरोप वाचला. फुटवे कमी झाले, काडी जाड झाली, लोंबीत दाणे वाढले.

शाळेत आपण शिकतो, आरएनएच्या अक्षरांत ए समोर यू, जी समोर सी. जणू धागे आपणहून गळ्यात पडतात. प्रत्यक्षात निरोपाचा लांब धागा स्वतःभोवतीच गुंडाळलेला असतो. उघड्यावर सोडले तर योग्य जोडीदार सापडायला वेळ लागतो, चुकीचाही सापडतो. ही सोयरीक जमवते अर्गोनॉट नावाचे प्रथिन. चिमुकला धागा ते मुठीत धरते आणि त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे नीट वळवून पुढे धरते. आधी तेवढी जुळतात, मग बाकीची. आणि जुळले की तेच प्रथिन निरोप कापते. जिवाणूंत जुळवणीचे काम ‘एचएफक्यू’ हे प्रथिन करते. सहा तुकड्यांच्या त्या कड्याच्या एका अंगाला एक धागा, दुसऱ्या अंगाला दुसरा.

अशा चिमुकल्या, सूक्ष्म आरएनएच्या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. ४ मे २०२५ रोजी देशात जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. चर्चा झाली ती जनुकाची. पण ते संपादन करतानाही मार्गदर्शक आरएनएला डीएनएवरच्या नेमक्या जागी जुळवले ते प्रथिनानेच.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. एक अर्गोनॉट एकाच सोयरिकीवर थांबत नाही. त्याच्या जातीची प्रथिने शेकडो धाग्यांची जुळवाजुळव करत असतात. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उद्या त्याचे उत्पादन वाढवायला कोणी एखादे अक्षर बदलायला निघाले, तर ‘कोणते अक्षर?’ एवढ्यावर लांजीच्या शेतकऱ्याने थांबू नये. ते जुळवणारा हात कोणाचा, आणि तो आणखी कुठे पोचतो, हेही विचारावे. सोयरीक फसली की मध्यस्थाला बोल लावायला आपण चुकत नाही. त्याची चौकशी मात्र आधी करायची असते.