अंतर देणे

इंग्रजीत 'गिव्ह मी सम स्पेस' म्हणणं आता अगदी साधं झालंय. हेच वाक्य मराठीत आईला म्हणून बघा. 'मला थोडं अंतर दे.' मराठीत अंतर देणं म्हणजे पाठ फिरवणं, सोडून जाणं. 'अंतर देऊ नकोस' अशी आपण देवाला विनवणी करतो. एका भाषेत जे हक्कानं मागायचं, ते दुसऱ्या भाषेत कधी वाट्याला येऊ नये म्हणून हात जोडायचे! माझी दोन्ही भाषांत ऊठबस आहे, आणि घरातली बरीच भांडणं मला याच एका क्रियापदापाशी अडलेली दिसतात.

एडवर्ड टी. हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली 'द हिडन डायमेन्शन' या पुस्तकात माणसांमधल्या अंतराची मापं मांडली. दीड फुटाच्या आत अगदी जिव्हाळ्याची माणसं, चार फुटांपर्यंत मित्रमंडळी, बारा फुटांपर्यंत कामापुरती ओळख, त्यापुढे सभा. हा तक्ता सगळीकडे फिरतो. पण ही मापं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीयांची आहेत, ती सगळ्या मानवजातीला लावू नका, असं हॉलनं स्वतःच बजावलं होतं, ते मात्र वाटेत गळून पडतं.

देशाप्रमाणे अंतर बदलतं हे खरं. पण देश तरी कशाला? आमच्याच घरात बघा. मडगावची मावशी भेटली की दोन्ही गालांवर पापी. बेळगावची आजी नुसता हात वर करून बेसांव देते. माझ्या हिंदू मैत्रिणीकडे गालाला गाल कुणी लावत नाही, पण तिची आई पहिल्याच भेटीत माझी वेणी सोडून पुन्हा घालायला बसली.

मिस्सेत शांती देण्याची जुनी रीत चुंबनाची. रोमने १९६९ साली भारतासाठी जे बारा फेरबदल मान्य केले, त्यांत ती अंजलीने, म्हणजे हात जोडून द्यायची मुभा आली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. मागच्या बाकावरच्या अनोळखी काकांना मी हात जोडते, ते मला हात जोडतात. मध्ये चार फूट असतात, पण परकेपणा नसतो.

म्हणून 'आमची संस्कृतीच जवळिकीची, स्पेसबिस पाश्चात्त्यांचं खूळ' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. आपल्याकडे अंतर होतंच, आणि भयंकर होतं. कुणाची सावलीसुद्धा चालत नव्हती. (ख्रिस्ती झालो म्हणून जातीतून आपण पूर्ण सुटलो, असंही नाही.) कोण किती जवळ यायचं ते ठरलेलं होतं, ज्याचं अंग, त्याला तेवढं विचारलेलं नव्हतं.

आजही विचारत नाहीत. जून २०२३ मध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, बायकांचा साध्या बसचा प्रवास फुकट झाला. चांगलंच झालं. गर्दी वाढली, कंडक्टर 'मुंद होगरी' ओरडत असतो. त्या गर्दीत एखादी अनोळखी आज्जी पिशवी माझ्या मांडीवर ठेवते, वर माझ्या खांद्याला टेकून डुलकी काढते. काही वाटत नाही. आणि दाराजवळ हातभर लांब उभ्या असलेल्या माणसाचं कोपर वळणावरच तेवढं लागतं, तेव्हा अंगावर काटा येतो. फूटपट्टी लावली तर आज्जीच जास्त जवळ होती. बोललं तर उत्तर ठरलेलं, 'एवढं आहे तर रिक्षानं जायचं.' जवळ येणाऱ्याला रिक्षानं जा असं कुणी सांगत नाही.

घरातली गोष्ट जास्त अवघड, कारण तिथं कोपर मारणारं कुणी नसतं, सगळे प्रेमाचेच. दोन खोल्यांत पाच माणसं. दार लावलं की आईचा प्रश्न येतो, 'दार लावून काय करतेस?' काही करत नसते. तेच करायचं असतं. हे मराठीत कसं सांगायचं, ते अजून मला साधलेलं नाही.

आजीनं मात्र तिच्यापुरती सोय केलेली आहे. दुपारी ती जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली की तिला कुणी हाक मारत नाही, पाहुणे आले तरी नाही. पाच दशकं म्हणायला वीस मिनिटं लागतात. आजीची माळ दीड तास चालते.