भाडेपावत्या जपून ठेवल्या आहेत ना?

विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून कल्याण पूर्वेकडे निघालं की जुन्या चाळी अजून दिसतात. आत एखाद्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत भाडेपावत्यांचा गठ्ठा असतो. आजोबांच्या नावाच्या, कडा कुरतडलेल्या. आपल्या घराचा आधार तोच.

हाच आधार आपल्या हातून निसटतोय. “जुनं पुरे, आता अकरा महिन्यांचा करार करू,” असं मालक म्हणतात आणि आपण भिडेखातर सही करतो. थांबा! अशा लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली की जागा सोडावी लागते. अडून राहिलं तर दुप्पट आकार पडतो. जुनी भाडेकरी मात्र दरवर्षी नव्याने करून घ्यावी लागत नाही. नियमित भाडं भरणाऱ्याला 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. पावती देणं मालकाचं कर्तव्य आहे. पाणी-वीज तोडून कुणाला हुसकावता येत नाही. भाडेकरू वारले तर सोबत राहणाऱ्या घरच्यांकडे हक्क येतो.

दुसरी भीती इमारत पडण्याची. 2015 मध्ये आठवड्याभराच्या अंतराने ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात इमारती कोसळल्या, माणसं गेली. हक्क जाईल म्हणून धोक्यात राहू नका. इमारत पडली म्हणून भाडेकरी संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय. मात्र खोली सोडण्याआधी तिचं क्षेत्रफळ महापालिकेकडून मोजून लेखी घ्या. तो कागद नसेल तर नव्या इमारतीत आपली जागा कशी दाखवणार?

मालकांचीही बाजू आहे. नाममात्र भाड्यात छप्पर कसं दुरुस्त होणार? कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढ मालकांना मिळू शकते. ती आपणहून देऊ या. खोलीला विनाकारण सहा महिने कुलूप ठेवू नका, पोटभाडेकरू ठेवू नका. भाडं शक्यतो बँकेतून भरा, नोंद राहते.

नोटीस आली तर घाबरून घरात बसू नका. थकबाकीची असेल तर भरायला 90 दिवस मिळतात. कल्याणच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

येत्या रविवारी आपापल्या चाळीत सतरंजी टाकू या. प्रत्येकानं आपली पिशवी आणावी. शाळा-कॉलेजातली मुलं मोबाइलवर पावत्यांचे फोटो काढतील, आजी-आजोबा सांगतील कुठली पावती कुठल्या वर्षाची.