चौथा हिस्सा आजारपणासाठी

सफाई खात्यातून, रेल्वेतून निवृत्त झालेली आपल्या वस्तीतली वडीलधारी मंडळी आम्ही पाहतो. फंड हाती येतो, लग्नात, उसनवारीत, कधी दारूत संपतो. मग बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मुलांपुढे हात पसरावा लागतो. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी कमाईचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीला. दारूचे सहा तोटेही तिथेच सांगितले. धनाचा नाश आणि रोग त्यांतलेच. म्हणून आमचे म्हणणे एवढेच: लग्न साधे करा, पण फंडाचा चौथा हिस्सा स्वतःच्या नावावर बँकेत ठेवा. पाचवे शील पाळा. सकाळी विहारापर्यंत चाला, घटकाभर आनापान करा. म्हातारपणी लाचार होण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिलेला नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!