नवे बी आणि जुना बांध

नवे संशोधन झाले म्हणजे गावाची प्रगती आपोआप होते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. नवी मुंबईलगतच्या खारपट्ट्याचा अनुभव याहून निराळा आहे.

पनवेल येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती याच केंद्राने दिल्या. पनवेल-१ ही जात आय. आर. ८ आणि भुरा राता ४-१० यांच्या संकरातून निघाली. आय. आर. ८ हे फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसृत केलेले वाण; राता भात मात्र खाजणातील शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जतन केलेले. शास्त्रज्ञाच्या यशात शेतकऱ्याचाही वाटा आहे, तो असा.

परंतु उत्तम बीदेखील भरतीच्या पाण्यापुढे टिकत नाही. उन्हाळ्यात क्षार जमिनीच्या वर येतात. पावसाचे गोडे पाणी ते धुऊन उघाडीवाटे बाहेर नेते, तेव्हाच कोवळे रोप तग धरते. बांधाला एक खांड पडली की सारा हंगाम वाया जातो. पूर्वी ‘जोळ’ या प्रथेने गावकरी एकत्र येऊन बांध दुरुस्त करीत. पुढे हे काम शासनाकडे आले, १९७९ साली खारभूमी विकासाचा अधिनियमही झाला; मात्र बांध आपला नव्हे, ही भावना बळावली.

शेतकऱ्यास बाजूस ठेवून आखलेल्या विकासाची किंमत या परिसराने मोजली आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराकरिता घेण्याचे ठरले. १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. शेतकऱ्याचा विचार आधी व्हावयास हवा होता.

म्हणून विस्तार कार्यकर्त्याने केवळ बियाण्याची पिशवी पोचवून थांबू नये. पावसाळ्यापूर्वी शेतकऱ्यांसह बांधावर फेरी घालावी, खांडी व नादुरुस्त उघाड्या संबंधित विभागास लेखी कळवाव्यात. रोप कोठे व का मेले, ही हकीकत संशोधन केंद्रापर्यंत न्यावी. शेतकऱ्यांनीही किरकोळ दुरुस्ती आपल्या श्रमाने वेळीच उरकावी. केंद्राचे ज्ञान, शासनाचा पैसा आणि गावाचे श्रम एकत्र आले, तरच नव्या बियाण्याचा लाभ लहानातल्या लहान खातेदाराच्या घरी पोचेल.