भोंगा कोणाच्या हाती?

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडाच वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. लोक उगाच घाबरू नयेत, असे त्यामागचे धोरण! तो पुन्हा वाजला तेव्हा हजारो माणसे विषारी हवेतून धावत सुटली होती. तोंडावर ओला कपडा धरा, वाऱ्याबरोबर धावू नका, एवढे जरी त्यांना आधी कोणी सांगितले असते, तरी कितीतरी जीव वाचले असते.

या घटनेला अपघात म्हणणे ही शब्दांची लबाडी आहे. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. निसटलेला वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. देखभालीची माणसे कमी केली होती. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून धोक्याचा इशारा देत होते. धोक्याचे ज्ञान ही मालकाची खाजगी मालमत्ता मानली गेली, हेच या हत्याकांडाचे मूळ होय.

त्यानंतर कायदे झाले. १९८७ च्या दुरुस्तीने कामगारांना आणि शेजारच्या रहिवाशांना धोक्याची माहिती देणे कारखानदारांवर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी घातक कचऱ्याची विल्हेवाट आणि आपत्कालीन योजना सक्तीची केली. आणि घडले काय? त्याच कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षे भोपाळातच पडून राहिला. जानेवारी २०२५ मध्ये तो पीथमपूरला नेण्यात आला आणि त्यानंतरच्या महिन्यांत सरकारी देखरेखीखाली जाळण्यात आला. तेथील रहिवासी रस्त्यावर उतरले. नफा कंपनीने नेला. विष मात्र एका वस्तीकडून दुसऱ्या वस्तीच्या दारात गेले.

महाराष्ट्राने भोपाळकडे बोट दाखवून स्वस्थ बसू नये. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, माणसे मेली. २३ मे २०२४ रोजी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी चौकशीची घोषणा होते. शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, हे रहिवाशांना कळते ते मात्र स्फोटानंतर!

लोकांना माहिती दिली तर घबराट माजेल, उद्योग निघून जातील, असा युक्तिवाद केला जातो. घबराट अज्ञानातून माजते, हे भोपाळने सिद्ध केले आहे. आणि वस्तीला सत्य सांगितल्यावर जो धंदा टिकू शकत नाही, तो वस्तीच्या जिवावरच चालला होता, असे समजावे.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक औद्योगिक वसाहतीत तीन मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. साठ्याची आणि कचऱ्याची यादी मराठीत फाटकावर लागावी. आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम वस्तीसह व्हावी, आणि कंत्राटी कामगारांनाही तीत स्थान असावे. धोका दिसताच काम थांबवण्याचा आणि भोंगा वाजवण्याचा अधिकार कामगारांच्या सुरक्षा समितीला असावा. भोंग्याची कळ मालकाच्या हाती असेल, तोवर आपत्कालीन योजना म्हणजे फायलीतला एक कागद.