‘हे कोण?’ असे विचारणारा मराठी वाचक

२० डिसेंबर २०२३ रोजी साहित्य अकादमीने त्या वर्षीचे पुरस्कार घोषित केले. मराठीसाठी निवड झाली ती कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीची. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यातले निकमवाडी हे लेखकाचे गाव, पेशा शिक्षकाचा. जाणकारांना आनंद झाला. परंतु गिरगाव-दादरच्या अनेक सुशिक्षित मराठी घरांतून पहिला उद्गार उमटला, तो अभिनंदनाचा नव्हता. ‘हे कोण?’ हा तो उद्गार.

हा प्रश्न जिज्ञासेपोटी विचारला गेला असता, तर त्यात वावगे काहीच नव्हते. अपरिचित लेखकाविषयी कुतूहल वाटणे हे जिवंत वाचनसंस्कृतीचे लक्षण होय. पण येथे प्रश्नाबरोबरच निकालही दिला जातो. नाव ऐकलेले नाही, म्हणजे लेखक किरकोळ. तरीही पुरस्कार मिळाला, म्हणजे गटबाजी. आणि भाषा तर कळतच नाही! ही तिन्ही आरोपपत्रे तपासून पाहण्याजोगी आहेत.

पहिला आरोप अपरिचिततेचा. ‘रिंगाण’ ही खोतांची पाचवी कादंबरी. पहिली ‘गावठाण’ २००५ साली आली, आणि ती प्रसिद्ध केली मौज प्रकाशन गृहाने; म्हणजे खुद्द गिरगावातील खटाववाडीने! अकादमीच्या नियमानुसार पुरस्काराच्या लगतपूर्वीच्या वर्षातील पुस्तक विचारातच घेतले जात नाही. त्यामागील पाच वर्षांतील पुस्तके पाहिली जातात. तेव्हा वाचकांना हे पुस्तक वाचायला पुरेसा अवधी मिळाला होता. अकादमीचे विभागीय कार्यालयही कुठे परमुलखात नाही. ते दादर पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे नाव लाभलेल्या मार्गावरच आहे. हे ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून मुंबईकरांना पुस्तके पुरवीत आले आहे. लेखक अठरा वर्षे दाराशी उभा होता. दार आतून बंद होते, याचा दोष त्याच्या माथी कसा मारता येईल?

दुसरा आरोप गटबाजीचा. २०२१ मध्ये कोल्हापूरचे किरण गुरव, २०२२ मध्ये सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर आणि २०२३ मध्ये खोत, अशी नावे सलग आल्यावर ‘दक्षिणेकडची टोळी’ असा शब्दप्रयोग करणे सोपे असते. पुरस्कारांत राजकारण कधीच नसते, असा भाबडा दावा कोणी करणार नाही. तीन परीक्षकांची समिती चुकू शकते, आणि तिच्या निर्णयाची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु चिकित्सेची पहिली अट पुस्तक वाचणे ही आहे. न वाचता व्यक्त केलेल्या मताला चिकित्सा म्हणत नाहीत, कुजबुज म्हणतात. शिवाय मुंबई-पुण्याच्या लेखकांना पुरस्कार मिळाले की ती गुणवत्ता, आणि पन्हाळ्याला मिळाला की ती टोळी, हा न्याय कोणत्या तराजूतला?

तिसरा आरोप भाषेचा. तो सर्वांत अधिक क्लेशकारक आहे, कारण तो परळ-लालबागच्या नव्या इमारतींतूनही ऐकू येतो. गिरणगाव उभारले कोणी? कोकणाप्रमाणेच सातारा-कोल्हापूरकडून, घाटावरून आलेल्या माणसांनी. चाळीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या, खाणावळीत जेवून गावी मनिऑर्डर धाडणाऱ्या त्या कामगारांच्या तोंडी हीच बोली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. त्यांच्याबरोबर ही बोलीही घराबाहेर गेली, आणि ‘घाटी’ हा शब्द हिणवण्यापुरता उरला. आजोबांची भाषा नातवाला परकी वाटावी आणि तिला त्याने ‘क्लिष्ट’ म्हणावे, याहून मोठी शोकांतिका ती कोणती?

‘रिंगाण’चा विषय तरी मुंबईकराला परका आहे काय? धरणामुळे उठलेले गाव आणि मागे राहिलेल्या म्हशीसाठी तिथे परतणारा माणूस, अशी ही कथा आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटांचे मुळशी धरण उभे राहू लागले, तेव्हा बुडणाऱ्या गावांसाठी १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला. त्याचे अग्रणी सेनापती बापट. दादरहून लोअर परळकडे जाणारा, गिरण्यांच्या कडेने धावणारा मार्ग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या मार्गावरून रोज ये-जा करणाऱ्याने विस्थापितांची कथा ‘आपली नव्हे’ म्हणून बाजूला सारावी, हे विस्मरण नव्हे तर काय?

या वृत्तीतील खरी मेख वेगळीच आहे. २०२५ मध्ये हंगेरीचे लास्लो क्रास्नाहोरकाई यांना नोबेल मिळाले. हे नावही येथील बहुतेकांना नवे होते, आणि त्यांची पानेच्या पाने चालणारी वाक्ये तर प्रसिद्धच आहेत. पण तिथे कोणी ‘टोळी’ म्हटले नाही. उलट ‘मिळवून वाचायला हवे’ अशी नम्रता दिसली. दूरच्या लेखकाचे काठिण्य ही खोली ठरते, आणि स्वभाषेतील लेखकाचे काठिण्य हा गावंढळपणा! मानसिक दास्य ते हेच. रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’ची इंग्रजी आवृत्ती १९१२ मध्ये लंडनला अवघ्या ७५० प्रतींची निघाली होती. पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले तेव्हा युरोपातील बहुसंख्य वाचकांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. तो कमीपणा रवींद्रनाथांचा नव्हता, हे आज निराळे सांगावे लागत नाही.

समीक्षकही यातून सुटत नाहीत. आपापसांतच समजणाऱ्या परिभाषेत लेख लिहायचे आणि वाचक येत नाही म्हणून गळे काढायचे, हा उद्योग पुष्कळ झाला. परंतु त्यांच्या आळसामुळे वाचकाचा आळस क्षम्य ठरत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद साजरा झाला, तो रास्तच होता. मात्र भाषेचा अभिमान घोषणांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर पोसला जात नाही. तो पुस्तकाच्या पावतीवर आणि ग्रंथालयाच्या नोंदवहीत दिसावा लागतो. यापुढे असा एखादा पुरस्कार जाहीर झाला आणि नाव अनोळखी निघाले, तर मराठी कुटुंबाने एवढेच करावे: त्या आठवड्यात ते पुस्तक विकत घ्यावे किंवा ग्रंथालयात मागावे, घरातील दोघा-तिघांनी ते वाचावे, आणि मग परीक्षकांशी खुशाल भांडावे. अशा भांडणाची मराठी साहित्याला फार गरज आहे.