म्यानावरचा पत्ता

जंबिया हा शब्द मराठीला परका नाही. नागपुरात १८१७ साली आणि मालेगावच्या किल्ल्यात १८१८ साली इंग्रजांशी निकराने झुंजले ते अरब शिपाई. असल्या शिपायांच्या कमरेला हे हत्यार आपल्या पूर्वजांनी पाहिलेले. अरबीत ‘जन्ब’ म्हणजे कूस. कुशीला असतो तो जंबिया. गंमत अशी की, येमेनी गृहस्थ तो खोचतो अगदी पोटासमोर, उभा! उजव्या कुशीला तिरपा लावण्याचा मान पूर्वापार सय्यद आणि काझी मंडळींचा. त्या जंबियाला ‘थूमा’ म्हणतात.

पाते सगळीकडे थोडेफार सारखेच: वाकडे, दुधारी, मधे उंच शिर. मालकाचा मुलूख सांगते ते म्यान. ओमानी खंजिराचे म्यान जवळजवळ काटकोनात वळते. वर चांदीच्या तारेचे विणकाम आणि पट्ट्यात अडकवायच्या कड्या. साध्याला चार कड्या, राजघराण्याच्या ‘सैदी’ला सात. सैदीची ती नखरेल मूठ सुलतान सईद बिन सुलतान यांच्या इराणी राणीने सुचविली, असे ओमानी लोक सांगतात. आणि मूठ पाहिली की ते पटतेही. निझवाचा खंजीर आकाराने दांडगा, सूर बंदराचा आटोपशीर.

एवढी चांदी आली कुठून? बरीचशी ऑस्ट्रियाहून! मारिया थेरेसा राणीचा, १७८० साल कोरलेला रुपया अरबस्तानात सर्रास चाले. तो आटवायचा, तार ओढायची, मोहरीएवढे रवे करून डाक लावून बसवायचे.

येमेनमध्ये हे काम मुख्यत्वे यहुदी सोनारांच्या हाती होते. म्हणजे मुसलमान सय्यदाच्या कमरेचा मान यहुद्याच्या भट्टीतून निघे, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. १९४९-५० मध्ये सुमारे ४९,००० येमेनी यहुदी विमानांनी इस्रायलला गेले. जाण्यापूर्वी कारागिरांनी आपली कला मुसलमानांना शिकवावी, अशी इमामाची अट होती म्हणतात. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा हात काही महिन्यांत कसा उतरणार? खंजिराच्या कारागिरीला युनेस्कोने २०२२ साली आपल्या वारशाच्या यादीत घेतले, ते ओमानच्या नावाने. येमेनची जुनी थूमा हाती आली, की जाणकार पाते उपसतच नाहीत. आधी म्यानावर बदीही या यहुदी घराण्याचा शिक्का शोधतात.